तीन चाकांचा फीडर

“बाबा, भात झाला, या जेवाले.”

नऊ वर्षांच्या पोरीची ती हाक. चुलीपासून निघाली, अंगणातल्या कोंबड्यांवरून गेली, वाळत घातलेल्या धानावरून गेली आणि शेडच्या दारातून आत शिरली. ती पोरगी म्हणजे मेघा. आता ती एकोणतीस वर्षांची आहे, आणि त्या दिवसानंतर तिनं कुणालाही लांबून हाक मारलेली नाही. जेवण झालं की ती चालत जाते, जवळ उभी राहते, समोरच्यानं मान वर करेपर्यंत थांबते. शेजारणी म्हणतात, तुलारामची पोरगी भुतासारखी मागं येऊन उभी राहते.

कारण त्या हाकेनं बाबांची मान वळली होती. मान वळली आणि लाकडाला आकार देणाऱ्या शेपर मशीनच्या फिरत्या कटरनं उजव्या हाताची दोन बोटं नेली. लाखनीत हे सगळ्यांना पाठ. तुलाराम मिस्त्री स्वतःच सांगत आले होते, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, नव्या गिऱ्हाइकासमोर. “पोरीनं आवाज देला, माहं ध्यान गेलं.” सांगताना राग नसायचा, उलट हसायचे. ते हसणं मेघाच्या पोटात वीस वर्षं कुसळासारखं रुतून होतं.

शेपर अजून तोच, शेडही तीच, घराला लागून. महामार्गावरून ट्रक गेला की वरचे पत्रे थरथरतात. सागवानाच्या चौकटींना गोलाई द्यायची, पट्ट्यांना नक्षीची कड काढायची, हे काम आता मेघा करते. मागच्या आठवड्यात वीतभराची पट्टी कटरनं हिसकली आणि तिच्या अंगठ्याचं अर्धं नख घेऊन गेली. तिनं चिंधी बांधली आणि ठरवलं, फीडर आणायचा. शेपरच्या मेजावर बसणारं रबरी चाकांचं यंत्र ते. लाकूड दाबून धरतं, आपणच पुढं सरकवतं, माणसाचे हात कटरपासून लांब राहतात.

आठ दिवस तिनं नागपूरच्या दुकानदाराला फोनवर पिडलं. तो चार चाकांचा फीडर घ्या म्हणत होता.

“ताई, सब लोग वही लेते.”

“सब लोकांच्या घरी थ्री फेज असन. आमच्या घरी साधी लाइन आहे. अन् त्या चाकांत अंतर किती? माह्या पट्ट्या वीतभराच्या. दोन चाकांच्या मधातच अडकून बसतीन.”

शेवटी तिनं तीन चाकांचा घेतला. चाकं जवळजवळ, घरच्या लाइनीवर चालणारा, आणि सागवानाला सोसेल इतकी हळू चाल असलेला.

सकाळी हिरालाल फिटर ड्रिल घेऊन आला. फीडरचा खांब रोवायचा तर मेजाला चार भोकं पाडावी लागणार होती. मेघानं मापून खडूच्या चार खुणा केल्या. हिरालालनं ड्रिल उचललं तसे बाबा आले आणि त्या खुणांवर त्यांनी आपला तीन बोटांचा हात पसरला.

“माह्या मेजाले भोक पडणार नाही.”

“काहून?”

“बिडाचं मेज आहे. तीस वर्षं जपलं.”

“अन् माह्या अंगठ्याले भोक पडलं त चालते?”

“तुहं ध्यान नसन. चाकं लावून लाकूड ढकलते तो मिस्त्री कायचा? लाकूड हाताले समजते. त्या दिवशी तू आवाज नसता देला त माहे बी…”

“बस्स.”

मेघा ओरडली नाही. ओरडणं तिच्या गळ्यातून कधीच गेलं होतं. पण तिचा आवाज असा आला की हिरालालनं ड्रिल खाली ठेवलं.

“मागच्या पोळ्याले माय विहिरीपाशी घसरली. मी ओसरीत होती. मले दिसून राहिली होती ती घसरताना. ‘माय’ म्हणून एक हाक मारली असती त तिनं रहाट धरला असता. तोंड उघडलं, पण हाक निघाली नाही. तिचं मनगट मोडलं. हे तुमाले सांगतलं काय कोणी? तुमची बोटं मी नेली, मानलं. रोज मानते. माही गेली त मी कोणाचं नाव सांगू? माह्याजवळ त नऊ वर्षांची पोरगीबी नाही.”

 बाबांनी हात उचलला नाही.

हिरालाल अवघडला. भांडण मिटवायला काहीतरी बोलावं म्हणून तो फीडरवर वाकला. “ताई, हे पाहा. चाकं उलटी फिरवाचं बटन आहे. याले टेप मारून ठेवजो. लाकूड उजवीकडूनच जाऊ देजो, कटर फिरते त्याच्या उलट. डावीकडून घातलं त कटर लाकूड ओढून घेते, अन् लाकडासंगं हातबी. इतका येडेपणा कोणी करत नाही म्हणा.”

बाबांचा हात मेजावरून सरकला. तळव्याला खडू लागला होता, खुणा फिसकटल्या होत्या.

मेघानं खडू घेतला. चारही खुणा पुन्हा केल्या, इतक्या दाबून की चौथ्या खुणेला खडूचे दोन तुकडे झाले. “पाड भोक,” ती हिरालालला म्हणाली. तिनं बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या रागाचं पाणी झालं असतं, आणि तिला आज राग हवा होता.

“थांब, हिरालाल,” बाबा म्हणाले.

“आता काय राहिलं?” मेघा म्हणाली.

बाबांनी तळव्यावरचा खडू धोतराला पुसला, पुन्हा पुसला. “तो येडेपणा मी केला होता. उजवीकडून लाकूड फाटून राहिलं होतं, त्याच्या रेषा उलट्या होत्या. चौकट सांजेले द्याची होती. म्हणून डावीकडून घातलं. गावात समजलं असतं त म्हणले असते, मिस्त्रीले आपलीच मशीन समजत नाही. तू लहान होती. लहान लेकराले कोण काय म्हणते, असं वाटलं.”

 मग ते मेघाकडे पाहून म्हणाले, “तू भात झाला म्हणाली ना, तवा बोटं आधीच भुशात पडली होती. मी हात गमछ्यात गुंडाळून उभा होतो. तुही हाक मागून आली, मेघा.”