प्लगला हात लावायचा नाही

कॉम्प्युटर कोसळून निळा पडदा आला की पिंपळगावच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकच इलाज: प्लग खेचायचा, जरा थांबायचं, परत लावायचा. मशीन चालू होतं आणि ते का पडलं हे कायमचं पुसलं जातं. मग मालक रविराजशेठ सगळ्यांसमोर म्हणतात, "उज्वलाचा प्रोग्रॅम लय नाजूक हाय." द्राक्षांच्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा तो प्रोग्रॅम मी लिहिलाय. नाजूक तो नाही आणि मीही नाही.

मागच्या खेपेला त्यांनी बजावलं, परत बंद पडलं तर माणूस बदलू. म्हणून मी मशीनला वेगळी डिस्क जोडली. सिस्टिम कोसळली की त्या क्षणी मेमरीत जे असेल ते सगळं या डिस्कवर उतरेल, अशी सोय केली; मशीन कशामुळे पडलं ते त्यातून कळणार होतं.

मंगळवारी भर दुपारी पडदा निळा झाला आणि त्यावर टक्क्यांचा आकडा सरकू लागला. मेमरी उतरत होती. आमचे ऑपरेटर पुंजाभाऊ, त्यांना मी कॉम्प्रेसर हाताने चालवायला पिटाळलं, म्हणजे मालाची काळजी मिटली. तेवढ्यात शेठ आले ते थेट प्लगकडे. मी आडवी उभी राहिले.

"बाजूला हो."

"शंभर टक्के होईपर्यंत नाही."

"बाहेर टेंपो खोळंबलेत. नोकरी करायची हाय का नाय?"

"करायचीय. म्हणूनच उभी आहे."

संताप भीतीहून मोठा होता. पुराव्याशिवाय मी हलणार नव्हते.

आकडा पूर्ण झाला, मशीन आपोआप सुरू झालं. डिस्क लॅपटॉपला लावून मी फाईल उघडली. मशीन पाडलं होतं सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या कार्डाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने. ते कार्ड शेठच्या जावईबापूंनी दिवाळीला आल्यावर हौसेनं बसवून दिलं होतं.

शेठनी स्क्रीनवर बोट ठेवून कार्डाचं नाव वाचलं. जावयाची चूक काढायची त्या घरात रीत नव्हती.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "तुझीच चूक धरू."

"नाही धरायची. कार्ड निघालं पाहिजे."

पुंजाभाऊ दारात येऊन उभे होते. "पण शेठ, जावईबापूंनी इचारलं तर?"

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "उज्वलानं काढलं म्हणावं."

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "हे खुशाल माझ्या नावावर घाला," म्हटलं. मशीन रीतसर बंद केलं आणि प्लग मी स्वतःच्या हाताने काढला.