मंगळूचा अंगठा

मस्टरचं ते पान किशोरने वाचवलं, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून त्याने जिवाचा आटापिटा केला होता.

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो टाइम ऑफिसात कारकून होता. २००६च्या मार्चमध्ये तिथल्या भट्टीत मंगळू नावाचा पेठ तालुक्यातला कंत्राटी मजूर भाजून मेला. कारखान्याने हात वर केले. म्हणे, हा त्या दिवशी कामावर नव्हताच, भिंत चढून तांब्याची तार चोरायला शिरला होता. तिघे कारकून आळीपाळीने हजेरीचं मस्टर भरत. त्या दिवशी पाळी किशोरची होती, मंगळूचा अंगठा त्यानेच घेतला होता. पान फाडायचा हुकूम मॅनेजरने त्यालाच दिला. फाडण्याआधी किशोरने ते गुपचूप स्कॅन केलं.

घरच्या कॉम्प्युटरवर त्याने एका जाळ्याचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यात सोडलेल्या फाइलचे तुकडे होतात आणि कुलूपबंद होऊन देशोदेशीच्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरांत विखुरतात. आपल्या डिस्कवर कुणाचं काय पडलंय हे मालकालाही वाचता येत नाही. उद्या पोलीस आले तरी ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, आणि ते खोटंही नसतं. या वाक्यावर किशोर भलताच खूश होता. पान त्याने जाळ्यात सोडलं, स्कॅन पुसून टाकला आणि नाशिकरोडच्या सायबर कॅफेतून फाइल उघडायची किल्ली निनावी मेलने कामगार अधिकाऱ्यांना पाठवली. आता पानच बोलेल, आपण मध्ये कशाला, असा त्याचा हिशेब. मोठा शहाणा!

नुकसानभरपाईच्या सुनावणीच्या दिवशी त्या अधिकाऱ्यांपुढे पानाचा छापील कागद टेबलावर होता. मंगळूची बायको भागीबाई त्यावर वाकली. ठशात मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती. कोयत्याचा वण, लग्नाच्या सालचा. हा माझ्याच माणसाचा अंगठा, तो चोर नव्हता, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

अधिकारी भला होता, पण त्याचाही इलाज नव्हता. कागद कोणी पाठवला माहीत नाही, अस्सल पान कुठे आहे माहीत नाही, आणि कारखान्याचा वकील म्हणत होता की असले कागद कॉम्प्युटरवर हवे तेवढे बनतात. हा अंगठा माझ्यासमोर उठला, असं म्हणणारा एक माणूस हवा होता. त्याने तिन्ही कारकुनांना विचारलं. किशोर शेवटचा. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. किशोरला नोकरी दिसली, घर दिसलं, आणि जिभेवर तयार असलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

“मला माहीत नाही, साहेब.”

मयत कामावर असल्याचं सिद्ध झालं नाही, असं लिहिलं गेलं. ते वाचून दाखवल्यावर भागीबाईने खाली अंगठा उठवला.

बाहेर ती किशोरकडेच आली. ही आता शिव्याशाप देणार, असं त्याला वाटलं. तिने बोटाची शाई पदराला पुसली.

“तुमी वाईट वाटून नका घेऊ, दादा. तुमाला ठावंच नाय, तं तुमी काय करणार?”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पन आत कुणीतरी हाय,” ती म्हणाली. “त्यानं कागद राखला. तो घावला, तं त्याला सांगा, भागीबाई वाट बघती म्हणून.”

“सांगतो,” किशोर म्हणाला.