विकासचा डावा डोळा

कनेरगाव नाक्याच्या मैदानावर त्या रविवारी फायनल होती. शेवटच्या षटकात चार धावा हव्या होत्या. उसळलेला चेंडू ओढायला विकास राठोड गेला आणि चेंडू बॅटची कड घेऊन थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो गुडघ्यावर कोसळला, उठला, तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्याच चेंडूवर चौकार ठोकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं.

संध्याकाळी त्याची बहीण संगिता हिनं त्याचा फोटो शिलाला पाठवला. खाली लिहिलं, ‘वहिनी, बघा तुमचा हिरो!’

शिला म्हणजे विकासची ठरलेली नवरी. साखरपुडा झाला होता, लग्न पुढच्या महिन्यात होतं. फोनवर दोघांचं बोलणं व्हायचं, पण ‘जेवलात का’, ‘व्हय, तुमी?’ याच्यापुढं गाडी कधी सरकली नव्हती. दोघंही लाजाळू.

शिला कळमनुरीजवळच्या तांड्यावरची. बी.एस्सी. करून ती हिंगोलीतल्या एका छोट्या ऑफिसात मेडिकल कोडिंग करायची. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक दुखापतीला तिचा ठरलेला कोड द्यायचा. तिच्या वाट्याला चेहऱ्याच्या दुखापती आल्या होत्या. नाक, गाल की जबडा, डावी बाजू की उजवी, जखम उघडी की बंद, आणि लागलं कशानं. गायीनं धडक दिली तर एक कोड, घोडा चावला तर दुसरा. हे घरी सांगितलं तेव्हा तिची आई शकुंतलाबाई पोट धरून हसली होती.

फोटो बघून शिलाही आधी हसली. विकासनं कप डोक्यावर उंच धरला होता आणि तो वर कपाकडं बघत होता. मग तिचं हसू थांबलं. तिनं फोटो मोठा केला. उजवं बुबुळ वर गेलं होतं. डावं मात्र समोरच अडकून होतं.

हे तिनं रेकॉर्डमध्ये कितीदा वाचलं होतं. डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. तिनं लगेच व्हिडिओ कॉल लावला.

“मी इचारते तेवढं सांगा,” ती म्हणाली. “डाव्या गालावर बोट फिरवा. कळून राहिलं का?”

विकास बावरला. “न्हाई. गाल झोपल्यावानी झालाय. वरचा ओठ बी.”

“आता मान न हलवता वर बघा. काय दिसतं?”

“पंखे. दोन.”

“घरात किती हायत?”

“एकच की!”

शिलानं फोन तोंडाजवळ धरला. “डोळ्याखालचं हाड कागदावानी पातळ असतं. ते मोडून डोळा फिरवणारा स्नायू त्यात अडकला असंल. खरं काय ते डॉक्टरच सांगतील, पण उद्या सकाळी हिंगोलीला या. आन् तोवर नाक शिंकरू नका, हवा डोळ्यामागं शिरंल.”

“आईनं हळद लावलीय. बसंल आपोआप.”

“त्या डोळ्यात मला जन्मभर बघायचंय!” शिला एकदम बोलून गेली. मागं संगिता खिदळली.

विकासचे वडील भावसिंग यांनी फोन हातात घेतला. “पोरी, खरंच एवढं हाय का?”

“व्हय मामा. उशीर नका करू.”

“मग झालं. सकाळीच निघतो आमी.”

हिंगोलीच्या दवाखान्यात शिला त्यांच्या आधीच पोचली होती. डॉ. प्रज्ञेश चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन. त्यांनी विकासला बोटाकडं बघायला लावलं आणि लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. फिल्म आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला होता आणि त्या फटीत स्नायू चिमटला होता.

“वेळेत आलात,” ते म्हणाले. “हे लवकर सोडवायला हवं. उद्या नांदेडला ऑपरेशन करू, मीच करीन.”

शिला फिल्मवरून नजर हलवेना. भीती होतीच, पण नवलही वाटत होतं. इतके दिवस नुसत्या शब्दांत वाचलेली गोष्ट समोर उजेडात दिसत होती.

“तुम्ही काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोडिंग. चेहऱ्याच्या दुखापती.”

“अरे वा! मग बसा, ऐका.” ते सिस्टरला नोंद सांगू लागले. डाव्या खोबणीचा तळ मोडलेला, जखम बंद, स्नायू अडकलेला, गाल बधिर, नजर शाबूत, लेदर चेंडूचा मार. “राहिलं का काही?”

“न्हाई सर, सगळं आलं!” शिलाचा आवाज चढला. “असं समदं लिहिलेलं वाचायला मिळालं की दिवस चांगला जातो माझा. फक्त क्रिकेटच्या चेंडूला आमच्या यादीत जागा न्हाई. बेसबॉलला हाय, गोल्फच्या चेंडूला हाय. ह्याला ‘इतर’मध्ये टाकावं लागतं.”

“इतर?” विकास ताडकन उठून बसला. “फायनल जिंकली आमी!”

डॉक्टर इतके हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

नांदेडचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी खालच्या पापणीच्या आतून जाऊन स्नायू सोडवला आणि तळाला पातळ जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट वर नेलं, तशी दोन्ही बुबुळं बरोबरीनं वर गेली. भावसिंग एवढ्यानं ओरडले, “गेला रे गेला, वर गेला!” की सिस्टर धावत आली. गाल जागा व्हायला काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. लग्न मात्र ठरल्या तारखेला करा.

परतीच्या जीपमध्ये विकास बोलतच सुटला. यष्टीमागचे झेल, सोयाबीन, कॉलेजातली मारामारी. शिला मधूनमधून त्याला थांबवायची आणि स्वतःच नवं काही विचारायची.

कळमनुरीच्या वळणावर शकुंतलाबाई अर्धा तांडा घेऊन उभी होती. तिनं जावयाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “दुखून राहिलं का, बाबा?”

“मामी, ह्या बाजूनं कितीबी चिमटे काढा,” विकास म्हणाला, “काईच कळत न्हाई.” बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

शिला उतरली. जीप निघाली, तसं विकासनं डोकं बाहेर काढलं. “शिला, सांजच्याला फोन कर! न्हाईतर मीच करतो!”

‘तुमी’ कुठल्या कुठं गेलं होतं. जीप अजून पुढच्या पुलावरही पोचली नव्हती, तोच तिच्या हातातला फोन वाजला.