धोंड्याच्या महिन्यातली पुढची खुर्ची

अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे केवळाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही पडली नव्हती. रेणापूरच्या त्यांच्या घरात जावई आला की पंखा त्याच्याकडे वळायचा आणि बाकीची माणसं उरलेल्या वाऱ्यात भागवायची. यंदाही पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, अनारशांचं ताट, चांदीचा दिवा, सगळं यथासांग झालं. आणि ताटावर बसल्यावर जावयाने, मन्मथने, घास न घेता मागणं मागितलं.

लोकांचे जावई अंगठी मागतात, फटफटी मागतात. हा म्हणाला, "मामी, मला कायबी नको. सुकन्याला तेवढं सांगा, नोकरी सोड म्हणावं. लेकरू लहान हाय. तुमचं ऐकती ती."

ताटावरचं मागणं मोडलं तर जावई उपाशी उठतो, आणि तो उपाशी उठला की गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. केवळाबाईंनी तुपाची वाटी तेवढी पुढे सरकवली. मोठे दीर गुरुपादप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "झालं! केवळा कबूल!" मन्मथने धोंडा मोडला. गप्प बसणाऱ्या बाईचं हे असं असतं. तिचं उत्तर द्यायला घरात कोणी ना कोणी तयारच असतो.

सुकन्या दिल्लीला एका कंपनीत होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. नातवाला सांभाळायला म्हणून केवळाबाई मन्मथबरोबर निघाल्या होत्या. मन्मथच्या मनात मात्र आता वेगळंच होतं. सासूने आठ दिवस राहावं, लेकीची समजूत घालावी आणि परत यावं.

गुरुपादप्पांनी जीपने दोघांना नांदेडच्या विमानतळावर आणून सोडलं. दारातच सुकन्याचा फोन आला. केवळाबाईंचा फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"आई, तुझं तिकीट पुढच्या मोठ्या खुर्चीचं करून घेतलंय. ऑफिसच्या कामाला फिरून फिरून माझे पॉइंट साठले होते ना, त्यावर. एकच खुर्ची शिल्लक होती. तुझे गुडघे दुखतात, पाय लांब करून बस. ह्यांची सीट मागं हाय."

"जावई मागं आन सासू पुढं?" गुरुपादप्पांचा आवाज चढला. "आन तेबी अधिकात? लोक शेण घालतील तोंडात!"

"असू द्या हो मामा," मन्मथ हसला. "आत गेल्यावर बदलून घेतो. मामीला तिथं करमायचं बी न्हाई."

केवळाबाई पदर सारखा करत उभ्या राहिल्या. मोठ्या दिरासमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. म्हणून याही वेळी दीरच बोलले.

"झालं! केवळा कबूल!"

"आई, स्पीकर बंद कर," फोनमधून सुकन्या म्हणाली. केवळाबाईंनी चाचपडत बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. "तू ती खुर्ची सोडलीस ना, तर मीबी सोमवारी राजीनामा देते. जावयासमोर तुला एक खुर्ची धरता येत न्हाई, तर मी नोकरी कशाच्या जोरावर धरू? गप बसायला तुझंच बघून शिकले मी."

फोन बंद झाला. केवळाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. आधी लेकीचा राग आला, मग तिचं म्हणणं खरं आहे म्हणून स्वतःचाच आला, आणि तो काही केल्या खाली बसेना.

आत काउंटरवरच्या पुनम नावाच्या मुलीने दोघांचे पास दिले. "आजी, तुमची पुढं आहे, ऐसपैस. दादांची मागं."

"आत बदलता येईल ना?" मन्मथने विचारलं.

"सीट आजींच्या नावावर आहे. त्यांची इच्छा असेल तरच."

मन्मथने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. इच्छा काय, ती असणारच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

विमानाच्या पायऱ्या चढताना केवळाबाईंचे गुडघे कुरकुरले. गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारी एक सरदारीण हाताला धरून त्यांना वर घेऊन आली. तोवर मन्मथ पुढे गेला होता. केवळाबाई दारातून आत आल्या तेव्हा तो पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, पट्टासुद्धा लावून.

"सरळ मागं जा मामी. खिडकी हाय तुमाला."

"माताजी, पीछे?" हवाईसुंदरीने हसून वाट दाखवली.

केवळाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"जावईबापू, उठा."

'उठा' हा शब्द त्यांनी आजवर जावयाला म्हटला नव्हता. मन्मथला आधी तो कळलाच नाही.

"मामी, लोक बघून राहिलेत."

"बघू द्या. मीबी आजवर लोकांकडंच बघून राहिले."

"अधिकात जावयाला उठवता?"

"ताटावरून न्हाई उठवलं. तुमचा मान ताटात होता, तो पोटभर दिला. ही खुर्ची माझ्या लेकीच्या कष्टाची हाय. उठा."

मागे रांग खोळंबली. हवाईसुंदरीने पास पाहिला आणि आता तिने मन्मथला वाट दाखवली. त्याने पट्टा सोडायला बराच वेळ लावला. तो उठला तेव्हा कान लाल झाले होते. केवळाबाई बसल्या. खुर्ची एवढी मोठी होती की पाय जमिनीला टेकेनात, पण त्या मागे रेलून बसल्या.

"थांबा जावईबापू. ताटावर तुम्ही मागितलं होतं. तवा मी बोलले न्हाई, भाऊजीच बोलले. माझं उत्तर आता घ्या. मी तिला कायबी सांगणार न्हाई. लेकरू मी सांभाळीन, किती बी दिवस लागू देत. ती कामाला जाईल."

मग पिशवीतून धोंड्यांचा डबा काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवला. "हे घ्या. उपाशी बसू नका मागं."

मन्मथ डबा घेऊन मागे गेला. केवळाबाईंनी फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि मुद्दाम स्पीकर सुरू केला. पलीकडे नातू रडत होता.

"सुकन्या, बसले मी," त्या मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आता तू उठू नको."