घरात असूनही

दोन्ही मुली घरीच आईपाशी शिकायच्या. ही घरातली शाळा साडेआठला भरायची आणि तिच्याआधी अर्धा तास उपासना. नियम आईनेच घातला होता. नवरा भल्या पहाटे बेकरीत कामाला जायचा, त्यामुळे घरची मुख्याध्यापिकाही तीच आणि उपासना घेणारी पाळकही तीच. टेबलावरचं मेणकापड पुसायचं, मधोमध बायबल ठेवायचं, एक गीत, एक पाठ, मग तिघींची प्रार्थना. थोरली अकरा वर्षांची. धाकटी सहाची, तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिची बडबड झोपेत काय ती थांबायची.

त्या बुधवारी पाठ थोरलीच्या वाट्याला आला. मध्यरात्री मित्राच्या दारी भाकरी मागायला गेलेल्या माणसाची ती गोष्ट. आतला मित्र म्हणतो, मला त्रास देऊ नकोस, दार लावलंय, मुलं निजलीत. थोरली वाचता वाचता अडखळली. तिने हळूच आईकडे पाहिलं आणि पुन्हा पानात डोकं घातलं.

"चिमणे, आता तू प्रार्थना कर," आई घाईने म्हणाली.

चिमणीने डोळे गच्च मिटले. "प्रभू, काल मावशींनी दार वाजवलं तेव्हा आम्ही घरात नसल्यासारखं केलं. मला शिंक येत होती, तरी मी नाक दाबून धरलं. आम्हाला क्षमा कर. आमेन."

आईच्या तोंडून आमेन निघेना.

मावशी समोरच्या घरात एकट्या राहत. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते त्यांनी. मनाने चांगल्या, पण एकदा टेकल्या की दोन तासांची निश्चिंती. काल अपूर्णांक कुठे थोरलीच्या डोक्यात शिरू लागले होते, तोच दार वाजलं. आईने ओठांवर बोट ठेवलं. दार तीनदा वाजलं. "अगं, आहेस का?" असा आवाजही आला. मग सगळं शांत झालं, तेव्हा आई मुलींकडे पाहून हसली होती. त्या हसण्याचीच तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटली.

"पण आई, आपण खोटं कुठे बोललो?" थोरली तिला सावरून घेत म्हणाली. "आपण तर काहीच बोललो नाही."

"तोंड न उघडताही खोटं बोलता येतं, बाळा. ते मी बोलले. आणि तुम्हालाही बोलायला लावलं."

ती तशीच उठून समोर गेली. मावशींनी दार उघडलं, तर आतून करपलेल्या दुधाचा वास आला. मोरीत काळंठिक्कर पातेलं भिजत पडलं होतं.

"काय झालं, मावशी?"

"काल कचरा ठेवायला बाहेर आले नि वाऱ्याने दार लागलं. किल्ली आत, फोन आत, दूध शेगडीवर. दोन तास जिन्यात बसून होते. शेवटी खालचा सुतार आला, त्याने कुलूप काढलं." मावशींचा आवाज खाली गेला. "तोवर मला धीर धरवला नाही गं. कपडे ओले झाले. त्याच्यासमोर पायरीवरून उठता येईना."

आईने लपवलं नाही. "मावशी, काल आम्ही घरातच होतो."

"ठाऊक आहे. नंतर पोरी पाढे म्हणत होत्या. जिन्यात ऐकू येत होतं."

"मग पुन्हा का नाही वाजवलंत?"

"आपण नकोसे आहोत हे एकदा कळल्यावर पुन्हा कशाला वाजवायचं?"

"माझं चुकलं. माफ करा मला."

"करीन. पण आज नाही. आज राग आलाय, तो जरा राहू दे माझ्यापाशी."

"निदान ते पातेलं तरी द्या. घासून आणते."

"माझं पातेलं मी घासेन." दार बंद झालं. आपटलं नाही, एवढंच.

आईने घरी येऊन मुलींना जिना सांगितला, दूध सांगितलं. ओल्या कपड्यांचं सांगितलं नाही. ती लाज मावशींची होती, ती वाटत सुटायचा हिला काय अधिकार?

"मग केलं का माफ?" चिमणीने विचारलं.

"नाही."

"मग उद्या परत जा."

आई रोज गेली. उपासना आटोपली की समोरचं दार वाजवायची, "काही हवंय का?" विचारायची, आणि आतून "काही नको" ऐकून परत यायची. मुली टेबलापाशी बसून हे ऐकायच्या. प्रार्थनेत थोरली डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघत असते, हे आईच्या लक्षात आलं होतं. तिने तिला हटकलं नाही.

नवव्या दिवशी मावशींनी दार उघडलं. "सुईत दोरा ओवायला धाकटीला पाठव. डोळे साथ देत नाहीत आता."

"मीच येते की—"

"तू नको. तिला पाठव."

चिमणी उड्या मारत आत गेली. आई उंबऱ्याबाहेरच राहिली. आपल्याला बोलावलं नाही, यात वावगं काहीच नव्हतं, तरी लागलं. मग घरी येऊन तिने थोरलीला वही काढायला सांगितलं, पण शिकवताना तिचं अर्धं लक्ष समोरच्या घराकडेच होतं.