पेठ नाक्यावरची रांग

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात डिझेलची फार टंचाई झाली. टँकर येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी पेठ नाक्याजवळच्या पंपावर रांग लागायची. मालेगावकडचे ट्रक, भाजीचे टेम्पो, ट्रॅक्टर, सगळे. रांग पंपाबाहेर आग्रा रोडवर पसरायची आणि एसटीलाही वाट मिळायची नाही. पोलिसांनी पंपाच्या मालकांना दम दिला, "रस्ता मोकळा ठेवा, नाहीतर पंप बंद करू." मालकांनी मल्हारीच्या हातात शिट्टी आणि काठी दिली.

मल्हारी तोवर गाड्यांत तेल भरायचा. उंचापुरा गडी, आवाज खणखणीत. त्याने सगळ्या गाड्या डांबरावरून खाली, डाव्या बाजूच्या मातीवर एकामागे एक लावल्या. मध्ये घुसणाऱ्याला तो थेट शेवटी पाठवायचा. दांडगे ट्रकवाले त्याला 'मल्हारीशेठ' म्हणू लागले. घरी गेल्यावर आज कोणाकोणाला हाकललं, ते तो बायकोला, मालनबाईला, रंगवून सांगायचा.

पुढे नंबर लागावा म्हणून लोक थापा मारायचे. कोणाची बायको अडलेली, कोणाचा बाप शेवटच्या घटका मोजतोय. एका टेम्पोवाल्याने तर भावाला मागे चादरीखाली निजवून आणलं. मल्हारीने चादर ओढली, तसा भाऊ हसत उठून बसला. रांगभर हशा पिकला. तेव्हापासून मल्हारी कोणाचंच ऐकेना.

एका दुपारी एक मेटाडोर रांग सोडून सरळ पंपाच्या तोंडाशी आली. मल्हारीने काठी आडवी धरली.

"मयत आहे, भाऊ," गोरक्ष नावाचा ड्रायव्हर म्हणाला. "सरकारी दवाखान्यातून पेठ गावाच्या पुढे न्यायची आहे. गाडीत तेल नाही."

"काल तुझ्यासारख्या दोघांची मयत होती. जा मागं."

"देवाशप्पथ खरं सांगतो."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मल्हारीशेठ, चादर ओढून बघा." लोक हसले. मल्हारीही हसला. मागे जाऊन त्याने दार उघडलं आणि चादरीचं टोक धरून ओढलं.

म्हातारीचं तोंड उघडं होतं. हनुवटीला बांधलेली चिंधी सैल होऊन गळ्याशी आली होती. शेजारी तिची लेक उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. तिने मल्हारीकडे पाहिलं.

"दादा, तिचं तोंड झाक," ती म्हणाली.

मल्हारीने चादर वर घेतली. पण ती नीट बसेना. शेवटी लेकीनेच ती ओढून घेतली. रांगेतलं हसणं केव्हाच थांबलं होतं. पुढचा ट्रक मुकाट्याने मागे सरला. मल्हारीने स्वतः नळी धरून डिझेल भरलं आणि रस्त्यात उभं राहून येणाऱ्या गाड्या हाताने अडवल्या. शिट्टी त्याला वाजवता आली नाही.

त्या दिवशी तो घरी जेवला नाही. मालनबाईने खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं.

"तुम्हाला काय ठाऊक, खरं की खोटं," ती म्हणाली.

"ठाऊक नव्हतं म्हणून नाही. लोक हसत होते म्हणून ओढली."

मालनबाईने त्याचं ताट उचलून ठेवलं.

काही दिवसांनी गोरक्ष पुन्हा रांगेत दिसला. मल्हारी त्याच्या खिडकीपाशी गेला. "म्हातारीची लेक काही बोलली का?"

"काय बोलणार? घरापर्यंत चादर दोन्ही हातांनी दाबून धरून बसली होती."

त्यानंतर मल्हारी कोणालाच अडवेना. आजारी म्हटलं की पुढे, मयत म्हटलं की पुढे. आठवड्याभरात निम्मी रांग दुखणेकऱ्यांची झाली. गाड्या पुन्हा डांबरावर आल्या, एसटी खोळंबू लागली, पोलीस परत आले.

"तुला झालंय काय?" मालकांनी विचारलं.

"दुसरा कोणी उभा करा," मल्हारी खाली बघत म्हणाला.

मालकांनी पंपावरच्या बारकूला उभं केलं आणि मल्हारी पुन्हा तेल भरू लागला. भावाला निजवून आणणारा तो टेम्पोवाला एकदा हसत म्हणाला, "मल्हारी, मधल्या काळात नंबर लागावा म्हणून बाप दोनदा मारला मी. तुला पत्ताच नव्हता."

"होता," मल्हारी म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.