एका धाग्याला लागलेला वेळ

माझे हात एकटे असले की शहाण्यासारखे वागतात. मागावर बसले की हजार-दीड हजार धागे मी फणीतून ओवते, एक चुकत नाही. पण कुणी मागे येऊन उभं राहिलं की संपलं. आधी करंगळी हलते, मग मनगट, मग कोपरापर्यंत सगळं थरथरायला लागतं. 'घाबरतेस कशाला, आम्ही काय खातोय का तुला?' असं विचारणारे भेटले की मला त्यांचेच हात पिरगाळावेसे वाटतात. घाबरते म्हणून थरथरतात, आणि थरथरलेले कुणी बघेल म्हणून आणखी घाबरते. बाराव्या वर्षी सकाळी भिक्षूंना भात दान करायच्या रांगेत बसले असताना भन्तेंच्या पात्राऐवजी भाताचा गोळा त्यांच्या पायावर पडला आणि अख्खी रांग हसली. तेव्हापासून हे असंच आहे.

ओनसीताई घरात होती तोवर माझं निभत होतं. लग्नाकार्यात दारूचा एकच पेला सगळ्यांत फिरतो, तो माझ्यापर्यंत आला की ताई माझ्या हातात पडू द्यायची नाही. माझ्या वाटणीचा घोट स्वतः घ्यायची आणि वर म्हणायची, "हिचं पोट बिघडलंय." माझं पोट वर्षात वीस वेळा बिघडायचं. गावात कुणी खुळं नव्हतं, पण ताईसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी ताई नदीपलीकडे, थायलंडला कामाला निघाली. निघणाऱ्यासाठी सू-ख्वान करायचा असतो. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, म्हणजे जीव राखणारे आत्मे, असतात आणि ते भारी भटके, म्हणून त्यांना हाका मारून बोलवायचं आणि मनगटावर पांढरे धागे बांधून अंगात राखायचं. घरच्या, गावातल्या प्रत्येकाने एकेक बांधायचा. मी मात्र स्वयंपाकघरात चूल फुंकत बसले. चूल कधीच पेटलेली होती. बाहेरून ताईचा आवाज आला, "विलाय कुठेय?" मग परत आला. मग गाडीचा हॉर्न वाजला. ती सगळ्या गावाचे धागे घेऊन गेली, फक्त माझा नव्हता.

अकरा वर्षं तिला येता आलं नाही. कधी कागद नव्हते, कधी सुटी नव्हती. आई गेली ते तिला फोनवर कळलं. समुद्राकाठच्या शेडमध्ये उभी राहून ती बर्फातली कोळंबी सोलायची. फोनवर मला विचारायची, "हात कसे आहेत?" मी म्हणायची, "आहेत जागेवर." फोन ठेवला की मला तिची इतकी आठवण यायची की मागाचा आवाजही नको वाटायचा. मनात पक्कं बसलं होतं, माझा धागा नव्हता म्हणून ती परतत नाही. वेडेपणा खरा, पण वाटायचं ते वाटायचंच.

आणि या वर्षी ती आली. सात दिवसांसाठी. सातव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या बसने परत जायची होती, म्हणून दुपारी सू-ख्वान ठरला.

केळीच्या पानांचे द्रोण वळून, विधीत मधोमध मांडायचा मनोरा रचून त्यात झेंडू खोवायचं काम मी एकटीने मागच्या पडवीत केलं. एक घडी वाकडी नाही. केओ मावशी येऊन बघून गेली. "हजार धागे ओवतेस गं, आज एक बांधायला काय होतंय तुला? ताई आहे ती, नवरदेव नाही!"

"बांधणार आहे," मी म्हटलं.

"चुलीला विचारून ठेव," म्हणाली आणि हसत गेली. या मावशीचं तोंड बांधायला धागा नव्हे, दोरखंडच लागेल.

पण मी तयारी केली होती. गाठ सगळ्यांसमोर मारायचीच कशाला? आईची चांदीची बांगडी आम्हा दोघींना एकाच मापाची यायची. तेच माप धरून मी धाग्याचं कडं करून ठेवलं, विणकराची गाठ मारून, ओढाल तितकी घट्ट बसणारी. पुढे जायचं, कडं ताईच्या हातात सरकवायचं आणि मागे यायचं. थरथर दिसायच्या आत काम झालेलं असेल. माझ्या हुशारीवर मीच खूश होते.

गावातले सगळे सू-ख्वान करणाऱ्या थोंगदी काकांनी मंत्र म्हणून ख्वानांना हाका मारल्या. नदीत असाल तर या, रानात असाल तर या, परक्या गावात असाल तर या. ताई पाय मुडपून बसली होती, एक हात पुढे केलेला. एकेक जण येत होता, पुटपुटत धागा बांधत होता. ज्यांचा हात पोचत नव्हता ते पुढच्याच्या कोपराला हात लावून बसले होते. आमच्यात आशीर्वाद असाच कोपरा-कोपराने पुढे जातो. मग मावशी मोठ्याने म्हणाली, "विलाय!"

मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले. हात सुरू झालेच होते. ताईची बोटं धरली, कडं घातलं, ओढलं.

अंगठ्याशी अडकलं.

पुन्हा ओढलं. जाईना. तेव्हा मी तिच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सात दिवस माझ्या हातांची लाज लपवताना तिचे हात मी पाहिलेच नव्हते. सांधे गाठाळलेले, पंजा सुजून रुंद झालेला, कातडी पांढुरकी. बांगडीचं माप अकरा वर्षं माझ्यापाशी राहिलं होतं आणि तिचा हात बर्फात वाढत गेला होता. मला रडू फुटलं.

"दुसरा घे गं धागा," कुणीतरी म्हणालं.

"हातावर चढलेला धागा मागे घेतात होय!" थोंगदी काका कडाडले. "आलेला ख्वान परत फिरेल. आणि कात्रीचं नाव काढू नका. तिथेच गाठ सोडव आणि पुन्हा बांध."

विणकराची गाठ, घट्ट ओढलेली, आणि हे हात. नखं गाठीवरून नुसती घसरत होती. सगळी ओसरी बघत होती. मागे मावशीने माझं कोपर धरलं होतं, तिच्यामागे तिच्या सुनेने तिचं, असं दारापर्यंत. माझी थरथर त्या सगळ्यांतून जात असणार.

"अगंबाई, माझाही हात हलतोय की!" मावशी म्हणाली.

"माझापण," मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. पण कोपर कुणी सोडलं नाही.

ताई वाकली. लहानपणी मागावर धागे गुंतले की करायची तसंच तिने केलं. गाठ दातात धरली, मान तिरकी केली आणि सोडवली. ओठाला लागलेला धाग्याचा तंतू पुसत हळूच म्हणाली, "आता बांध. घाई नको. बस पाचची आहे."

मग मी बांधायला लागले. टोक सुटायचं, पुन्हा धरायची. पुन्हा सुटायचं. आशीर्वादाचं एक अक्षर आठवेना, मी आपली "परत ये, परत ये" एवढंच म्हणत राहिले. बाकीच्यांना ताईचा हात घटकाभरही मिळाला नव्हता. माझ्याकडे तो किती तरी वेळ होता, जड, खरखरीत, गरम. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आणखी थोडं थरथरावं. शेवटी गाठ बसली. एकीवर एक, तीन-चार वेड्यावाकड्या गाठी. विणकर म्हणवून घ्यायला लाज वाटावी अशा.

पाचच्या बसने ताई गेली.

धागे तीन दिवस ठेवायचे, मग हाताने सोडायचे. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"सगळे सोडले गं," ती म्हणाली. "तुझाच सुटत नाही. कसल्या गाठी मारल्यास!"

"दातांनी सोड. तुला येतं की."

"येतं ना," ताई म्हणाली.

मग तिकडून शेडमधल्या पाण्याचा आवाज आला. धागा तसाच ठेवून ती कामाला लागली होती.